संपतरावांनी काय ऐकलं

भास्करराव येणार हे ठरल्यापासून बडोद्यातल्या मांजलपूरच्या त्या फ्लॅटमध्ये कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचं बोलणं मात्र चोरून ऐकत होता. ह्या घराण्याला ते काही नवं नाही. ज्यांच्या दोन पुरुषांनी लढाईत परक्यांचं बोलणं ऐकायची नोकरी केली, त्यांच्या भिंतींना कान असणारच. निरुपमा स्वयंपाकघरात वड्याचं पीठ मळता मळता नवऱ्याचा आवाज टिपत होती, नवरा दाराआड मुलीचा फोन ऐकत होता, आणि देवघरात बसलेल्या तिच्या सासूबाईंना, कौशल्याबाईंना, ह्या दोघांचंही ऐकू येत होतं. वय सत्त्याहत्तर, गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान शाबूत.

आज संपतरावांचं वर्षश्राद्ध होतं. नवरा जाऊन वर्ष झालं, आणि त्या निमित्तानं कौशल्याबाईंचा सख्खा भाऊ, म्हणजेच हे भास्करराव, पन्नासहून अधिक वर्षांनी त्यांच्या घरात पाऊल टाकणार होता. त्याच गावात, दांडिया बाजारात, भाऊ जिवंत असताना ही बाई दर भाऊबीजेला गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळत आली होती. निरुपमा लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी तिनं विचारलं, की तुम्हाला भाऊ नाही का? सासूनं त्या दिवशी तिला उत्तर दिलं नाही आणि जेवणही केलं नाही. तेव्हापासून निरुपमा भाऊबीजेला न विचारता ताट तयार करून ठेवायची.

झालं होतं ते असं. एकाहत्तरच्या लढाईत ओख्याच्या बाजूला, अगदी समुद्राला चिकटून, एक ठाणं होतं. पलीकडच्या बोटी वायरलेसवर एकमेकींशी काय बोलतात ते ऐकायचं आणि लिहून द्यायचं, एवढंच तिथलं काम. त्या बोटी मच्छीमारांच्या म्हणून फिरत आणि त्यांवरचे लोक गुजरातीत बोलत, म्हणून बडोद्याची, गुजराती कळणारी काही मराठी पोरं तिथं नेली होती. आजे-पणजे संस्थानच्या फौजेत होते, तेव्हा ह्या पोरांना नाही म्हणायची सवय नव्हती. भास्करराव त्यांतले जुने. आपल्या मेव्हण्याला, संपतरावांना, त्यांनीच तिथं नेलं आणि काम शिकवलं. एका संध्याकाळी संपतरावांनी दोन बोटींचं बोलणं ऐकलं आणि लिहून दिलं, की त्या एकमेकींचा निरोप घेऊन लांब निघाल्या. त्यावर विसंबून खाडीच्या तोंडाशी पहाऱ्यावर असलेली आपली होडी परत बोलावली नाही. बोटी लांब गेल्याच नव्हत्या. दोघी एकत्र येऊन त्या होडीवर चालून गेल्या. होडीत दत्ताजीराव होते, भास्कररावांचे आणि कौशल्याबाईंचे धाकटे भाऊ. ते परत आले नाहीत.

चौकशी झाली. चौकशीला बसलेला अधिकारी भावनगरकडचा गुजराती होता. त्यानं टेप ऐकली आणि म्हणाला, ह्यात चुकण्यासारखं काय आहे, पोरालाही कळेल. संपतरावांना घरी पाठवलं. पुढे बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका काचेच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं. त्या संध्याकाळचे शब्द काय होते, ते त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. शपथ घेतली होती ना. भास्कररावांनी टेप ऐकली नव्हती, ते त्या दिवशी ठाण्यावर नव्हते, पण त्यांना अधिकाऱ्याचं एक वाक्य पुरलं. पोरालाही कळेल. बहिणीला त्यांनी एकदाच विचारलं, की आमच्याकडे येतेस की त्याच्याकडे राहतेस? ती राहिली.

आता, इतक्या वर्षांनी, ठाण्यातल्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांनी खटपट करून परवानगी काढली होती आणि जुनी रिळं बाहेर आली होती. आवाज साफ करायला ती अलकापुरीतल्या एका स्टुडिओत आली, आणि तिथं कामाला होती संपतरावांची नात, उत्कर्षा. देव कधी कधी असं कोपरखळी मारल्यासारखं करतो. विश्वंभरच्या, म्हणजे भास्कररावांच्या मुलाच्या, कानावर ही गोष्ट गेली, त्यानं बापाला सांगितली, आणि बापानं निरोप धाडला. श्राद्धाला येतो. आधी टेप ऐकेन. मग पानावर बसायचं की नाही ते ठरवेन.

हा निरोप ऐकून कौशल्याबाईंना आनंद झाला होता. मग त्यांनी नातीला जवळ बसवून हळूच विचारलं, "तू ऐकलंस ना? आजोबांची चूक होती का गं?"

उत्कर्षानं उत्तर दिलं नाही. नुसती गळ्यात पडली. म्हातारीला कळायचं ते कळलं. स्वतः टेप ऐकायला तिनं साफ नकार दिला आणि त्या दिवसापासून देव पाण्यात घालून बसली, की काहीतरी होवो, यंत्र बिघडो, वीज जावो, पण दादा जेवल्याशिवाय न जावो.

त्यांच्या मुलानं, समरजितनं, देवावर भिस्त ठेवली नव्हती. रिफायनरीत तीस वर्षं काढलेला माणूस, गळती दिसली की आधी झडप बंद करायची हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्यानं मुलीला खोलीत घेतलं आणि दार लोटलं.

"त्या संध्याकाळच्या दोन टेपा आहेत म्हणालीस ना?"

"हो. एकीत बर्फ आणि डिझेलचं बोलणं आहे. काहीच नाही त्यात. दुसरी आपली."

"मग पहिलीच लाव. म्हणायचं एवढंच आहे, बाकी पुसलं गेलं."

"पप्पा, मामाआजोबा स्वतः हेच काम करायचे. त्यांना कळणार नाही?"

"ब्याऐंशीचे आहेत, कानात यंत्र आहे. काय कळणार आहे त्यांना? आणि कळलं तरी काय सिद्ध करतील?" समरजितचा आवाज चढला तसा त्यानं तो स्वतःच खाली आणला. "हे बघ, मला खऱ्या-खोट्याची माथाकूट करायची नाही. आबा गेले. त्यांना आता काही फरक पडत नाही. आजी आहे. तिला तिचा भाऊ एकदा जेवताना बघू दे, बस."

उत्कर्षाला बापाचं म्हणणं पटत होतं, आणि पटतंय ह्याचाच राग येत होता. तिनं ती टेप इतक्या वेळा ऐकली होती की खरखरीतला प्रत्येक खड्डा तिला पाठ होता. दोन वाक्यं. एक माणूस दुसऱ्याला बोलावतो, दुसरा म्हणतो निघालोच. स्टुडिओतला चहावालासुद्धा ऐकून सांगेल. आजोबा तिचे फार लाडके होते. सायकल त्यांनी शिकवली, पहिला हेडफोन त्यांनी घेऊन दिला. त्याच माणसाला एवढं साधं गुजराती कळू नये? झोप लागली होती का? की लक्षच नव्हतं? गेले पंधरा-वीस दिवस ती आजोबांवर रागावली होती, आणि मेलेल्या माणसावर रागावणं किती कठीण असतं ते तिला कळत होतं.

तेवढ्यात बेल वाजली.

विश्वंभरनं बापाला दंडाला धरून आत आणलं. भास्कररावांनी पांढरा शर्ट, वर जाकीट घातलं होतं आणि हातात काठी होती, पण टेकत नव्हते. दार कौशल्याबाईंनी उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटचं बघितलं तेव्हा दोघांचेही केस काळे होते. बहिणीला वाटलं, दादा वडिलांसारखा दिसायला लागला. भावाला काय वाटलं ते त्यानं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"ये दादा, बस."

ते बसले. निरुपमानं पाणी आणलं, त्यांनी पेल्याकडे बघून मान हलवली. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा आशीर्वाद मात्र दिला. समरजितनं मामांची तब्येत विचारली, मग रस्त्याचं विचारलं, मग वाटेतल्या लालबागच्या पुलावर गर्दी होती का ते विचारलं. ह्या सगळ्याला एकेका शब्दात उत्तरं आली. भिंतीवर हार घातलेला संपतरावांचा फोटो होता. भास्कररावांनी खुर्ची अशी वळवून घेतली की तो पाठीशी यावा. ते सगळ्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"यंत्र कुठंय?" त्यांनी विचारलं.

उत्कर्षा म्हणाली, आणते, जरा जोडायला वेळ लागेल. आणि ती उठून मागच्या बाल्कनीत गेली. तिथं वॉशिंग मशीनशेजारी उभी राहून ती स्वतःला धीर देत असताना विश्वंभर तिच्या मागोमाग आला. हा काका तिला परका होता, लग्नकार्यात लांबून बघितलेला. रेल्वेत वरच्या जागेवर, बोलण्यात मोजूनमापून.

"तू ऐकलंयस," तो म्हणाला. "काय आहे त्यात?"

ती गप्प राहिली. विश्वंभरही त्याच घराण्यातला. गप्प बसणं ऐकायला त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

"म्हणजे बाबांचं बराबर आहे," तो म्हणाला. तिला वाटलं आता हा आत जाऊन सांगणार. पण तो कठड्याला टेकला आणि चष्मा पुसत बसला. "उत्कर्षा, माझं ऐकशील? नको लावूस ती. दुसरं काही असेल तर लाव. बिघडली म्हण. काहीही म्हण."

"तुम्ही? तुम्हीच तर त्यांना घेऊन आलात."

"आणलं, कारण मला वाटलं, टेपेत काहीतरी वेगळं निघेल. बाबा आयुष्यभर बराबरच होते. तू त्यांच्या घरात राहिली नाहीस. दत्ताकाकांच्या फोटोला रोज हार, आणि जेवताना रोज तेच, की पोरालाही कळलं असतं. आई तेच ऐकत गेली. मी परीक्षेत चुकलो, की संपतरावांसारखं ऐकतोस का, असं म्हणायचे. आणखी एकदा ते बराबर ठरले ना, तर मला फावणार नाही. माझ्याच्यानं आता सहन होणार नाही."

तेव्हा समरजितही तिथं आला होता आणि काही न बोलता मान डोलावत होता. आते-मामे भाऊ, एकमेकांचा फोन नंबरही ज्यांच्याकडे गेल्या वर्षापर्यंत नव्हता, ते दोघं त्या चिंचोळ्या बाल्कनीत एका खोटेपणावर एक झाले. पहिली टेप लावायची, बर्फाची. ती दोनदा लावायची. वाद घातला तर विश्वंभर म्हणणार, बाबा, मीही ऐकलं, एवढंच आहे. उत्कर्षानं हळूहळू मान डोलावली.

बाल्कनीची खिडकी देवघरात उघडते, हे त्यांच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

श्राद्धाची तयारी बघायला परत देवघरात गेलेल्या कौशल्याबाईंनी सगळं ऐकलं. आधी त्यांना बरं वाटलं. देवांना पाण्यात घातल्याचं फळ म्हणाव्यात अशा हालचाली चालल्या होत्या, दादाचा मुलगासुद्धा आपल्या बाजूचा झाला होता. आता पाच-दहा मिनिटांत दादा पानावर बसणार. मग त्यांची नजर समोर श्राद्धाच्या तयारीवर गेली. दर्भ, तीळ, ताम्हन, पिंडाचा भात. जगात ह्या माणसाचे म्हणावेत असे जेवढे होते, ते सगळे खिडकीपलीकडे उभे राहून त्याला लपवत होते. मुलगा लपवत होता, नात लपवत होती. वाईट हेतूनं नाही, प्रेमानंच, पण एखादा डाग लपवावा तसं लपवत होते. आणि मी? मी देवाकडे दुसरं काय मागितलं? गुडघ्यांवर हात दाबून त्या उठल्या आणि बाल्कनीच्या दाराशी गेल्या.

"खरी असेल ती लाव," त्या म्हणाल्या.

तिघंही दचकले. समरजित म्हणाला, "आई, तुला माहीत नाही त्यात काय आहे."

"माहीत आहे. त्यांची चूक आहे. असू दे. चूक केलेल्या माणसाबरोबर मी संसार केला, चोराबरोबर नाही. आज त्यांच्या नावानं पिंड द्यायचा आणि त्यांनाच कपाटात कोंडायचं?"

"मामा उठून जातील."

"जाईल," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज तेवढ्यापुरता फाटला. "गेला तर जाऊ दे. जेवायला घालायचं तर माझा नवरा कोण होता हे माहीत असताना घालेन. फसवून नाही."

हॉलमध्ये टेबलावर लॅपटॉप ठेवला गेला. भास्कररावांनी कानातलं यंत्र काढून रुमालात गुंडाळलं. स्पीकर त्यांना नको होता. हेडफोन दे म्हणाले, आणि एक पेन्सिल आणि कागद. हेडफोन कानांवर बसला तशी त्यांची पाठ सरळ झाली. डोळे मिटले, डावा हात कानाशी गेला. त्या हाताला इतकी वर्षं हे काम नव्हतं, पण तो विसरला नव्हता.

आवाज पोचतोय का ते पाहायला उत्कर्षानं आधी टेपेच्या सुरुवातीची नुसती खरखर ऐकवली. तीच खरखर. समुद्राची नव्हे, हवेची. त्यांना ठाण्यातल्या रॉकेलचा वास आला, दत्ताची शीळ आठवली. मग त्यांनी ते सगळं बाजूला सारलं, कारण ऐकणाऱ्यानं आठवायचं नसतं. नव्या पोरांना ते हेच सांगत. दुसरं सांगत ते असं, की शब्द लिहीत बसू नका, अर्थ लिहा. शब्द लिहाल तोवर बोटी गाव गाठतील. वरच्यांना अर्थ हवा असतो. ह्या नियमाचा त्यांना अभिमान होता, ठाण्यात तो त्यांच्याच नावानं चालायचा.

"दोन बोलणी आहेत, मामाआजोबा," उत्कर्षानं कागदावर लिहून दाखवलं. कुठलं आधी लावणार ते तिनं लिहिलं नाही. तिनं बटण दाबलं.

खोलीत कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. सगळे त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघत होते. समरजित दाराजवळ उभा होता, मामा उठले की त्यांच्या चपला पुढे करायला, कारण आता तेवढंच हातात राहिलं होतं. विश्वंभरनं बापाच्या खुर्चीची पाठ धरली होती. निरुपमानं गॅस बंद केला. कौशल्याबाई फोटोखाली बसल्या होत्या आणि ओठ घट्ट मिटले होते, आता रडायचं नाही असं ठरवून.

भास्कररावांच्या कपाळावर आठी पडली, मग ती सैल झाली. पेन्सिल कागदावर चालली. त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि कागद पोरीपुढे ढकलला.

"ह्यात काही नाही," ते म्हणाले. "हे निरोपाचं आहे. ते लाव. ते दत्ताचं."

उत्कर्षानं कागद वाचला. सरळ, जुन्या वळणाचं अक्षर. 'दोघे एकमेकांचा निरोप घेऊन निघाले.'

ती बापाकडे बघत राहिली. समरजितला काही कळेना. ती भास्कररावांकडे वळली आणि त्यांच्या कानाजवळ वाकून म्हणाली, "मामाआजोबा, हेच ते आहे."

"काय?"

"दत्ताजीआजोबांचं. हेच."

"वेडी आहेस का? हे निरोप घेतायत. पुन्हा लाव."

तिनं पुन्हा लावलं. त्यांनी पुन्हा ऐकलं, डोळे आणखी घट्ट मिटून, आणि मान हलवली. निरोप. दुसरं काही नाही. मग उत्कर्षानं हेडफोनची वायर उपटली आणि आवाज खोलीत मोकळा केला. खरखरीच्या पलीकडून एक माणूस, अगदी घरगुती सुरात, म्हणाला, "तो भले, आवजो." आणि दुसरा, जरा थकलेला, "हा भाई, आवुं छुं."

"निरोपच आहे की," कौशल्याबाई नकळत म्हणून गेल्या. त्या हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. "एक म्हणाला, या. दुसरा म्हणाला, येतो."

उत्कर्षा रडायला लागली होती, आणि रडता रडता मोठ्यानं बोलत होती. "आजी, तो गुजराती आहे. तो 'येतो' म्हणून जात नाही. गुजराती माणूस जाताना आवजो म्हणेल, जाउं छुं म्हणेल. आवुं छुं म्हणजे खरंच येतोय, निघालो, पोचतो, आणि मग पहिल्याचं आवजोही बोलावणंच. येतो म्हणून जायचं, हे आपल्याकडे. आपणच घरातून निघताना जातो म्हणत नाही, अशुभ म्हणून. मी हे रोज ऐकते, मला वाटलं आबांना इतकं कसं कळलं नाही. त्यांनी बराबर ऐकलं होतं. त्यांनी मराठीत ऐकलं."

मग कौशल्याबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या, "म्हणून ते 'जातो' म्हणायचे. कारखान्यात निघताना रोज, जातो. मी भांडायचे, की घरातून निघताना असं अभद्र का बोलता? मला वाटायचं, मुद्दाम मला घाबरवतायत."

भास्करराव समोरच्या कागदाकडे बघत होते. त्यांच्या मनात एकच गोष्ट आली आणि ती तिथून हलेना. संपतरावांनी शब्द लिहून दिले असते, आवजो आणि आवुं छुं, नुसते तेवढे दोन, तर वर बसलेल्या कुठल्याही गुजराती माणसानं दत्ताला परत बोलावलं असतं. त्यांनी शब्द लिहिले नाहीत. अर्थ लिहिला, जसा शिकवला होता तसा.

"मी असतो तरी दत्ता गेला असता," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की विश्वंभरला वाकावं लागलं. "मी त्या जागी असतो, तरी हेच लिहिलं असतं."

विश्वंभरनं बापाला असं कधी बघितलं नव्हतं. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, बाबा चुकले होते, आणि त्याला काडीचाही आनंद झाला नाही. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा फार लहान झाला होता.

थोड्या वेळानं भास्करराव उठले. काठी खुर्चीलाच राहिली. ते भिंतीच्या आधारानं बेसिनपाशी गेले आणि त्यांनी हात धुतले, पाय धुतले, तोंडावरून पाणी फिरवलं. निरुपमाला समजलं, तिनं धावत जाऊन पाट मांडला, समरजितनं पान ठेवलं. सगळं घर एका दमात हललं. पन्नास वर्षं अडून बसलेलं गाडं असं दोन मिनिटांत सुटलं, ह्याचं सगळ्यांनाच हसू आणि रडू येत होतं. भास्करराव पाटाकडे निघाले.

"दादा, थांब," कौशल्याबाई त्यांच्यासमोर येऊन म्हणाल्या.

ते थांबले.

"आज नको जेवूस."

निरुपमाच्या हातातला वड्यांचा डबा तसाच राहिला. समरजित म्हणाला, "आई?" त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"सकाळपर्यंत मी तुझ्यासाठी देव पाण्यात घातले होते," कौशल्याबाई म्हणाल्या. त्या ओरडत नव्हत्या. चेहरा मात्र लाल झाला होता. "तू कसाही येऊन जेवलास तरी चाललं असतं मला. आता नाही चालत. दत्ता तुझा एकट्याचा भाऊ नव्हता. मला त्याच्यासाठी रडायला तू जागा ठेवली नाहीस. मी रडले तर नवऱ्यावर आरोप, नाही रडले तर भावाची वैरीण. आणि ह्यांना तू न ऐकताच गुन्हेगार ठरवलंस. आज ऐकून सोडून दिलंस. ते होते तोवर एकदा येऊन विचारलं असतंस, संपतराव, काय ऐकलंत? शपथ मोडून तुला सांगितलं असतं त्यांनी. तुझीच वाट बघत होते. फोन वाजला की मान वर करायचे."

"कौशी," भास्करराव म्हणाले. ते नाव ह्या घरात कोणी ऐकलं नव्हतं.

"आजचं पान त्यांच्या नावाचं आहे. त्यावर तू लगेच बसशील, आणि उद्या दांडिया बाजारात सांगशील, की मिटलं. असं मिटत नाही दादा. मला राग आलाय. मला रागावू दे. आजचा दिवस मला त्यांच्या बाजूनं रागावू दे." त्यांनी श्वास घेतला. "उद्या ये. उद्या तुझ्यासाठी करेन, तुला आवडतं ते करेन. उद्या माझ्या घरी ये. आज हे घर त्यांचं आहे."

भास्करराव ओले हात घेऊन उभे होते. विश्वंभरला वाटलं, आता बाबांचा जुना ताठा उसळी मारणार, काठी उचलणार, जन्माचं तोंड फिरवणार. समरजितलाही तेच वाटलं. पण म्हाताऱ्यानं खिशातून रुमाल काढला, त्यातलं कानाचं यंत्र नीट कानात बसवलं, जणू बहीण काय म्हणाली ते आणखी एकदा नीट ऐकायचं होतं. मग मान डोलावली आणि दाराकडे निघाले. समरजितनं चपला पुढे केल्या. विश्वंभरनं काठी घेतली. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला.

निरुपमाचाच बांध पहिल्यांदा फुटला. सासूपुढे तिनं कधी आवाज केला नव्हता. "आई, तुम्ही काय केलंत? इतकी वर्षं चंद्राला ओवाळलंत. दारातला भाऊ उपाशी घालवलात. ते ब्याऐंशीचे आहेत. उद्या नाही आले तर?"

कौशल्याबाईंनी तिच्या हातातून डबा घेतला, फोटोसमोरच्या पानात दोन वडे वाढले, खीर वाढली. वाढताना थोडी खीर पाटावर सांडली.

"नाही आला तर नाही," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं मी थांबले. एक दिवस तो थांबेल."